पाटकरी आणि रुमाल

बापू खैरनारने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या: लोकांच्या टोप्या उडवल्या आणि लोकांना कार्डं वाटली. दुसरं काम काढून घेतलं गेलं, तेव्हा सगळा भार पहिल्यावर आला.

कार्डं म्हणजे पत्ते नव्हेत. धुळ्याच्या एमआयडीसीत सभासदांनी मिळून उभं केलेलं एक गणनकेंद्र आहे. साखर कारखान्यासारखंच सहकारी, फक्त चिमणी नाही आणि मळीचा वास नाही. दूधवाले, बियाणेवाले, दोन कॉलेजं, एक हॉस्पिटल, असे सभासद. आत कपाटांच्या रांगा, कपाटांत बाराशे गणनकार्डं. एकेक कार्ड म्हणजे आकडेमोडीचा राक्षस. एआयचं मॉडेल शिकवायचं तर असे पन्नास-शंभर राक्षस एका कामाला जुंपावे लागतात. कोणाला किती राक्षस आणि किती वेळ, हे बापू ठरवायचा. फोनवर, चहा पीत, शिव्या देत आणि घेत.

सभासदही बेरकी. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय रक्तातली. मॉडेल तयार नसलं तरी काहीतरी रिकामं काम चालू करून कार्डं अडवून ठेवायचे. केंद्रात त्याला 'रुमाल'च म्हणायचे. कोणाचा रुमाल कोणता, हे बापू वासावरून ओळखायचा आणि सरळ उचलून फेकायचा.

मग पाटकरी आला. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी शेताशेतात वाटून देणारा माणूस. साक्रीकडे आजही आहेत. झुबेर पिंजारी नावाच्या इंजिनियरने आपल्या प्रोग्रामला तेच नाव दिलं. आणि बापूला 'निरीक्षक' असा बिल्ला दिला. म्हणजे बसा आणि बघा.

"हा तुमचा पाटकरी करतो काय नक्की?" बापूने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

झुबेरने खुर्ची ओढली. "बापूभाऊ, शंभर पोरं एकच पुस्तक वाटून घेऊन शिकतायत असं समजा. प्रत्येकाने एक पान वाचायचं, मग सगळ्यांनी एकत्र येऊन काय कळलं ते जुळवायचं, मग पुढचं पान. पण जुळवताना सगळ्यात हळू पोराची वाट बघावी लागते. म्हणून पोरं दुप्पट केली की काम दुप्पट वेगाने होतं असं नाही. एका मर्यादेनंतर नुसत्या गप्पाच वाढतात."

"हे मला माहीत आहे. वीस वर्षं गप्पाच मारल्यात."

"पाटकरी प्रत्येक कामाकडून चुकांचा आकडा मागवतो, दर काही मिनिटांनी. चुका भराभर कमी होतायत? याला आणखी कार्डं दे. चुका तेवढ्याच? याची काढ. काम मध्येच थांबवतो, शिकलेलं सगळं जपून ठेवतो, दुसऱ्या कपाटात नेऊन पुन्हा चालू करतो. मालकाला पत्ता लागत नाही. आणि चांगलं शिकणारं काम कसं दिसतं, हे तो अनुभवाने शिकत जातो. रुमाल तर एका चहात पकडतो. रिकामं काम शिकत नाही ना!"

"म्हणजे शिकल्याचं सोंग केलं तर?"

झुबेर हसला. "नाही जमणार. लावा भरीत-पुरीची पैज."

असं बापूला म्हणायचं नसतं.

*

बापूच्या खोड्यांचा पहिला प्रेक्षक कायम एकच, धनराज बोरसे. देवपूरला राहणारा, लहानपणापासूनचा जोडीदार. गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांची अहिराणीत कॉमेंट्री करायचा. त्याला ऐकायला लोक यायचे, सामना आपला बोनस.

आता धनराजची जीभ चालत नव्हती. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जाणारा आजार. आधी जिभेचं टोक जातं, मग ओठ, मग आवाजच. डॉक्टरांनी नलूवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, स्पष्ट सांगितलं होतं: हे थांबवता येत नाही. पण हॉस्पिटलने एक काम हाती घेतलं होतं. बोलणं ओळखणारी बाजारातली मॉडेलं स्वच्छ आवाजांवर शिकलेली. त्यांना ना अहिराणी कळत, ना लुळी जीभ. म्हणून धनराजसाठी वेगळं मॉडेल. रोज सकाळी अर्धा तास ते जे विचारेल ते धनराजने बोलायचं, मग केंद्रातल्या कार्डांवर ते शिकत बसणार, आणि दुसऱ्या दिवशी जिथे अडलं तेवढंच पुन्हा विचारणार. जिना उतरणाऱ्या माणसाचा हात धरून पायरी पायरी खाली यायचं तसं. धनराज नुसत्या हुंकारांपर्यंत पोचेल तेव्हा मशीनला त्याचा प्रत्येक हुंकार कळलेला हवा. मधल्या पायऱ्या चुकल्या तर खालचं काहीच लागणार नाही.

कळलेलं वाक्य फोन मोठ्याने बोलायचा, आणि तेही धनराजच्याच जुन्या कॉमेंट्रीच्या आवाजात. त्यामुळे त्याने पाणी मागितलं तरी षटकार गेल्यासारखं वाटायचं.

"ऐक, धन्या," बापू खाटेच्या कडेला टेकत म्हणाला, "त्या पाटकऱ्याला टोपी घालणार आहे. शिकल्याचं सोंग करणारा रुमाल. आत काही नाही, चुका मात्र कशा, हळूहळू कमी होतायत. लाडकं बाळ!"

धनराजच्या घशातून खरखर निघाली. फोन गरजला, "लाव! फसाड त्याले!"

"तुम्ही दोघं म्हातारे होणार की नाही?" नलू औषध ढवळत म्हणाली.

"वहिनी, आम्ही डायरेक्ट मरणार," बापू म्हणाला आणि लगेच जीभ चावली. धनराज मात्र खांदे हलवून हसत होता.

*

कामाचं नाव बापूने ठेवलं 'कैरी-सात'. बरणीचा फोटो बघून लोणचं मुरलं की नाही ते सांगणारं मॉडेल, असं कागदावर. आत ओळी मोजून चाळीस. दर काही मिनिटांनी चुकांचा एक आकडा पाटकऱ्याकडे पाठवायचा, आधीच्यापेक्षा थोडासा कमी. मध्येच एखादा किंचित जास्त, म्हणजे खरं वाटेल. ही शेवटची अक्कल बापूची स्वतःची. अभ्यास केल्याचं सोंग करताना मध्येच एखादी जांभई द्यावी लागते, हे त्याला शाळेपासून माहीत.

पाटकऱ्याने दोन कार्डं दिली. मग आठ. दुपारपर्यंत चाळीस. संध्याकाळी झुबेर धावत आला.

"बापूभाऊ, हे कैरी कोणाचं? चुकांच्या रेघेला काय उतार आहे! असं देखणं काम मी बघितलं नाही!"

"माझं आहे. लोणच्याचं."

झुबेरने चाळीस ओळी वाचल्या आणि डोकं धरून मटकन बसला. मग दोघंही पोट धरून हसले. पैज भरीत-पुरीची होती, झुबेर हरला. "दुरुस्ती करतो पुढच्या महिन्यात," तो डोळे पुसत म्हणाला, "तोवर काढून टाका."

"आठवडाभर राहू दे. बघू कुठपर्यंत जातं."

गेलं दोनशेच्या वर. जेवणाच्या सुट्टीत आता लोक पडद्यापाशी जमून कैरीचा आकडा बघायचे. सांगितलं कोणालाच नव्हतं, त्यामुळे मजा दुप्पट. कोणाची कार्डं कमी होतायत ते बापूने बघितलं नाही. पाटकरी आल्यापासून कामाला नाव द्यायची गरज नव्हती, बहुतेक कामं म्हणजे नुसते नंबर. नंबरांना चेहरे नसतात.

*

पुढच्या वेळी तो देवपूरला गेला तेव्हा धनराज कपडे घालून, केस विंचरून खुर्चीत बसलेला. समोर फोन. फोन गप्प.

"काय रे, आज सुट्टी?"

"चार दिवस झाले," नलू म्हणाली. "मशीन काही विचारतच नाही. कालचं शिकून झालं नाही म्हणतं. बापूभाऊ, तुमच्याकडूनच होतं ना हे? हॉस्पिटलवाले म्हणाले, कार्डं कमी केलीत."

"कोणी?"

"तुम्हीच बघा. मला काय कळतंय."

बापूने तिथंच मोबाइल काढला. हॉस्पिटलच्या कागदावरून कामाचा नंबर मिळाला. आठवड्यापूर्वी शहाण्णव कार्डं. आता पाच. बाकीची कुठे गेली हे पाटकरी एका बोटाच्या दाबावर सांगतो, ती सोय मोठी छान आहे. कैरी-सात.

"काय झालं?" नलूने विचारलं.

"केबल," बापू म्हणाला. "केबल बदलतायत. होईल."

धनराजने तोंड उघडलं. त्या गालातल्या गालात गुरगुरण्यातून फोनला कसंबसं अर्धं लागलं, "बाप्या... लोणचं?"

त्याला खोडीचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं. बापूने खोटं हसू काढलं. "मस्त मुरतंय," म्हणाला आणि चप्पल अडकवून निघाला.

केंद्रात पोचला तेव्हा खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढत होती. व्यवस्थापक शिरोडे मॅडम स्वतः पडदा पुसत होत्या. "आलात? तुमचं लोणचं हीरो झालंय, बापू! उद्या मुंबईहून पाहुणे येतायत. पाटकरी बाकीच्या जिल्ह्यांत लावायचा की नाही ते ठरवणार. पहिला नमुना कोणता दाखवणार? कैरी-सात!"

"मॅडम, ते..."

"लाजू नका. वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काहीतरी काम केलंत."

सगळे हसले. आपला पाटकरी फसला हे झुबेरलाही पाहुण्यांआधी उघड करायचं नव्हतं. बापूच्या बोटाखाली ते काम बंद करायचं बटण होतं. एक दाब. पण पडद्यावरची रेघ कोसळली असती, कारण विचारलं गेलं असतं, आणि 'सहज गंमत' हे उत्तर पांढऱ्या कव्हरांसमोर द्यावं लागलं असतं. बापूने हिशेब केला: उद्या पाहुणे गेले की लगेच. एका दिवसाने काय होतंय.

पाहुणे उद्याऐवजी सोमवारी आले. शनिवारी नलूचा फोन आला, बापूने घेतला नाही. रविवारी त्याने घेतला आणि केबलबद्दल आणखी दोन खोट्या गोष्टी सांगितल्या, इतक्या बारकाईने की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

*

पाहुणे लोणच्यावर खूश होऊन गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत बापूने कैरी-सात मारून टाकलं. दोनशे कार्डं मोकळी. तो पडद्याकडे बघत उभा राहिला. कार्डं दूधवाल्यांकडे गेली. बियाणेवाल्यांकडे गेली. धनराजच्या नंबरासमोर पाच होती, ती तीन झाली.

"झुबेर!" तो ओरडला. "हे काय चाललंय?"

धनराजचं काम आहे हे ऐकल्यावर झुबेरचा चेहरा उतरला. त्याने बराच वेळ आकडे चाळले. "भाऊ, पाटकरी अनुभवाने शिकतो, सांगितलं होतं ना. त्याने कैरीला वर्गातला पहिला नंबर मानलंय. आता सगळ्यांना त्याच मापाने मोजतोय. खरी कामं अडखळतात, थांबतात, मग पुढे जातात. ती सगळी त्याला मठ्ठ वाटतायत. आणि हे तर बघा, सरळ आडवी रेघ. महिनाभर चुका तेवढ्याच. याला आधी अडखळणाऱ्यांत धरून सांभाळून घ्यायचा, आता नापासच समजणार."

"आडवी कशी? रोज शिकत होतं ते! मी बघितलंय."

"शिकतंय ना. पण तुमच्या मित्राची जीभ रोज आणखी..." झुबेर थांबला. "ट्रेडमिलवर पळणारा माणूस बाहेरून बघितला तर जागेवरच दिसतो. याचं तसं आहे. ते जितकं शिकतं तितका आवाज खाली जातो. आडवी रेघ म्हणजे जिवाच्या आकांताने पळतंय ते. पाटकऱ्याला हे दिसत नाही."

आपल्याला दिसायचं, बापूच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं मनात आलं: तरी आपण बघितलं नाही.

"उपाय?"

"त्याच्या आठवणीतून कैरीचे दिवस पुसायचे. माझ्या हातात नाही. मॅडमची सही लागते, कारणासकट."

शिरोडे मॅडम पेढा खात होत्या. बापू दार लावून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पेढा खाली ठेवला.

"आत काहीच नव्हतं?"

"चाळीस ओळी."

"आणि मी पाहुण्यांना सांगितलं की घरोघरच्या बरण्या..." त्यांनी डोळे मिटले. "मजा आली?"

"आली होती."

"उद्यापासून येऊ नका. पुढचं संचालक मंडळ ठरवेल." मग फोन उचलून, "झुबेर, पुसा सगळं. आत्ता. आणि ते हॉस्पिटलचं काम माणसाच्या हाताने वर घ्या, शंभर कार्डं." फोन ठेवल्यावर त्यांनी बापूकडे बघितलं. "अजून उभे का? जा ना त्या माणसाकडे."

*

बापूला सांगायची एकच पद्धत येत होती. तो धनराजसमोर बसला आणि खोडी सांगतात तशीच सांगायला लागला, पहिल्यापासून. झुबेरचं डोकं धरून बसणं, मॅडमचं पडदा पुसणं, सगळं नकलेसकट. धनराजचे खांदे हलायला लागले. अर्धं आयुष्य ज्या जागी हसला त्याच जागी तो हसत होता. नलूही दारात उभी राहून हसली.

"आणि ती दोनशे कार्डं," बापू म्हणाला, "पाटकऱ्याने काढली होती कोणाची, तर..."

नलूला आधी कळलं. तिचं हसू गेलं. धनराजचं मात्र थोडा वेळ तसंच चालू राहिलं, थांबायला वेळ लागला, आता त्याचे स्नायूच तसे झाले होते. ते बघणं सगळ्यात वाईट होतं.

"केबल?" नलूने विचारलं.

"केबल नव्हती."

"मी तुम्हाला रविवारी विचारलं. रविवारी तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

ती आत गेली. धनराजने श्वास गोळा केला आणि शिव्या सुरू केल्या.

जिभेचं टोक गेलं होतं, पण ओठ अजून मिटत होते. रागाने आवाजात बळ आलं. अहिराणीत त्याने बापूच्या आजोबांपासून सुरुवात केली, म्हशींपर्यंत गेला, परत आला. इतकं तो महिन्यात बोलला नव्हता. नलू बाहेर आली, काही न बोलता फोन पुढे सरकवला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. शंभर कार्डं चालू झाली होती आणि अर्ध्या तासाचा आवाज फुकट घालवून चालणार नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मशीनने नवीन शब्द विचारले. पाट्या वाचल्यासारखे धनराज ते बोलला आणि पहिल्या दहातच थकला. नलूने फोन लावला. "बापूभाऊ, या. तुम्हाला बघून आवाज फुटतो त्याला. तुमच्यासाठी बोलवत नाहीये, समजून घ्या."

तो रोज जायला लागला. नोकरी नव्हतीच. समोर बसायचं आणि ऐकून घ्यायचं. काही दिवसांनी शिव्यांमध्ये जुन्या गोष्टी मिसळायला लागल्या, मग शिव्या कमी होत गेल्या, तेव्हा बापूला जास्त जड गेलं. मशीन पळत होतं. रेघ आडवी होती. रेघ आडवी राहिली पाहिजे, एवढंच आता तो रोज झुबेरला फोन करून विचारायचा.

"जे गेलं ते परत शिकवता येत नाही का?" त्याने एकदा विचारलं.

झुबेर रेघेचा आजचा आकडा सांगून मोकळा झाला. नलूनेच कधीतरी, भाजी निवडताना, वर न बघता सांगितलं. "तो आठवडा माणसांच्या हाकांचा होता. घरातल्या. ते सुरू व्हायचं होतं तेव्हाच बंद पडलं. तुम्ही रोज येता म्हणून तुमचं नाव मशीनने शिव्यांतच शिकून घेतलं. बाकीचं नंतर विचारलं मशीनने, पण तोवर न आणि ल त्याला येईनासे झाले होते."

बापूने निवडलेल्या भाजीकडे बघितलं. हिचं नाव त्या दोन अक्षरांखेरीज दुसरं काहीच नव्हतं.

*

उन्हाळा लागला तेव्हा धनराजकडे फक्त श्वास उरला होता, आणि श्वासाआड घशातले काही हुंकार. मशीन त्यातून वाक्यंच्या वाक्यं काढायचं. डॉक्टर दुसऱ्या शहरांतून बघायला यायचे. त्या दुपारी बापू आला तसा फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "कथा मरी गयथा रे बाप्या? आठे बठ!"

कुठे मेला होतास म्हणे. बापू बसला. मग धनराजने आणखी एक हुंकार दिला, छोटासा. फोन 'टुंग' वाजला. काही लागलं नाही की तो तसा वाजतो.

"आले," नलू आतून म्हणाली, आणि हात पुसत आली.

"काय म्हणाला तो?"

"मला बोलावलं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याला जे येत नाही ते मीच," ती फोनकडे हनुवटी करत म्हणाली, साध्या आवाजात, दूध उतू गेल्याचं सांगावं तशा. तिने धनराजची मान सरळ केली, उशी बदलली आणि त्याच्या शेजारी टेकली.

बापूने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. पुसतच राहिला. धनराज बघत होता. एक श्वास, एक खरखर, आणि फोनमधून भरल्या मैदानाचा आवाज उसळला, "बाप्या, काबर रडी ऱ्हायना रे!"

"नाही रे," बापू म्हणाला. "घाम आहे."

धनराजने डोळे वळवले. पुन्हा तोच छोटासा हुंकार.

टुंग.

"हो," शेजारी बसलेली नलू म्हणाली. "इथंच आहे."